उडी मारणारे कोळी: सोलापुरात आणखी कुणी बघतंय का?

चाटीगल्लीकर | सोमवार, रात्री १०:२०

मंडळी, गेल्या पावसाळ्यापासून एक नाद लागलाय. घरातले आता या विषयावर माझ्याशी बोलायला तयार नाहीत, म्हणून इथे धागा काढतोय.

जाळं न विणता भिंतीवर हिंडून शिकार करणारे ते छोटे, केसाळ कोळी सगळ्यांनी पाहिलेत. बोट जवळ नेलं की पळायच्या आधी गर्रकन वळून आपल्याकडे बघतात, तेच. यांच्या कुळाचं शास्त्रीय नाव साल्टिसिडी. जगात कोळ्यांच्या पन्नास हजारांवर प्रजाती नोंदल्या गेल्यात, त्यातल्या सहा हजारांहून जास्त एकट्या या कुळातल्या. कोळ्यांमधलं हे सगळ्यांत मोठं कुळ. २०२२ साली जागतिक सूचीत ५०,०००वा कोळी चढला, तोसुद्धा यांच्यातलाच निघाला: दक्षिण अमेरिकेतला गुरियुरियस मिनुआनो.

आता मुद्दा. २०२१ मध्ये ठाणे-कल्याण भागातून या कुळातल्या दोन नव्या प्रजाती जाहीर झाल्या. त्यातल्या एकीचं नाव आयसियस तुकारामी, २६/११ला कसाबला पकडून ठेवताना शहीद झालेल्या तुकाराम ओंबळे यांच्या स्मरणार्थ ठेवलेलं. एवढ्या गर्दीच्या, इमारतींनी भरलेल्या पट्ट्यात नवे कोळी सापडतात, तर आपल्याकडे नान्नजचं माळरान आहे, सिद्धेश्वर वनविहार आहे, संभाजी तलावाची झाडी आहे, जुन्या पेठांतल्या दगडी भिंती आहेत. इथल्या नोंदी कोण ठेवतंय? पक्ष्यांच्या याद्या ढिगाने मिळतात. माळढोक, काळवीट, धाविक, सगळ्यांवर लोक भरभरून लिहितात. कोळ्यांचं नाव काढलं की समोरचा आधी झाडू शोधतो.

माझ्याकडची हजेरी सांगतो. भिंतीला चपटा चिकटून चालणारा करडा मेनेमेरस बायव्हिटॅटस तर बारमाही. ट्यूबलाइटजवळ प्लेक्सिपस पेकुली: नर काळ्या-पांढऱ्या पट्ट्यांचा, रुबाबदार; मादी मातकट. कुंड्यांच्या मागे ओलसर जागेत हसारियस अडानसोनी, ज्याच्या नराच्या तोंडापुढचे स्पर्शपाद पांढरेशुभ्र दिसतात. तुमच्याकडे कोण आहे?

कडक_भाकरी | सोमवार, रात्री १०:४१

काय बे, लोक उन्हाळ्यात विजेच्या बिलाकडे बघून घाम पुसतात आणि तू कोळ्याकडे बघतोस!

चेष्टा सोड. आमच्या हिला कोळी दिसला की ती आधी किंचाळते, मग फवारा मारते. गेल्या महिन्यात कीटकनाशक मारणाऱ्या माणसाने घरभर काहीतरी फवारलं, कोळी गेले, आठ दिवसांत माश्या मात्र दुप्पट. तर प्रश्न असा: हा चावतो का? विषारी आहे का? पोरगं अडीच वर्षांचं आहे, सगळं हातात धरतंय.

आठडोळे | सोमवार, रात्री ११:३०

@कडक_भाकरी, विष जवळजवळ सगळ्याच कोळ्यांना असतं, पण ते माशी-चिलटांच्या मापाचं. घरातल्या या कोळ्यांमुळे माणसाला धोका नाही. मुठीत दाबून धरला तर क्वचित चावेल, थोडं लाल होईल, संपलं. पोराच्या हातात गेला तर जिवाला धोका कोळ्याच्या.

पावसाळ्यात अंगावर लांबट, जळजळणारा फोड उठतो आणि घरोघरी "कोळी फिरला" म्हणतात, त्यात बऱ्याचदा कोळ्याचा संबंधच नसतो. पीडेरस नावाचा लाल-काळा बारीक भुंगेरा दिव्याला येतो, मानेवर बसतो, आपण झोपेत चिरडतो, त्याच्या अंगातल्या रसाने कातडी भाजते. कोळी बिचारा भिंतीवर असतो आणि आळ त्याच्यावर.

जुळेसोलापूरकर | मंगळवार, सकाळी ७:५५

आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर परवाच फॉरवर्ड आलाय. संडासाच्या सीटखाली लाल पट्ट्यांचा उडी मारणारा कोळी असतो, चावला की माणूस मरतो, तीन बायका दगावल्या वगैरे. खाली फोटो पण आहे, पांढरट अंग आणि दोन लाल रेघा. हे काय मग? बायका घाबरल्यात हो खरंच.

मास्तर_निवृत्त | मंगळवार, सकाळी ९:१५

ताई, हा फॉरवर्ड तुमच्या सोसायटीपेक्षा जुना आहे. १९९९ साली इंग्रजीत ईमेलवर ही थाप पहिल्यांदा फिरली, तेव्हा कोळ्याचं नावही बनावट होतं. २००२च्या आवृत्तीत कुणीतरी त्यात टेलामोनिया डिमिडियाटा हे खऱ्या कोळ्याचं नाव घुसवलं. तो आपल्याकडचा, आशियातला, झाडाच्या पानांवर राहणारा निरुपद्रवी कोळी. मादी पांढरट आणि पाठीवर दोन लाल रेघा, म्हणजे फोटो बहुधा खराच. मजकूर सगळा खोटा. ग्रुपवर खुशाल सांगा.

जुळेसोलापूरकर | मंगळवार, सकाळी १०:०२

सांगितलं. अॅडमिनने "तरीपण काळजी घ्या" लिहून हात जोडलेत 🙏

मागवाला | मंगळवार, दुपारी २:३०

आमचा टॉवेलचा कारखाना आहे, अक्कलकोट रोडला. जेवणाच्या सुट्टीत लिहितोय.

माग चालू असले की भिंतीला हात लावा, हात थरथरतो. सगळीकडे सुताचा भुगा. तरी ट्यूबच्या पट्टीवर हे काळ्या-पांढऱ्या रेघांचे दोन-तीन ठरलेले. काल एकाला माशी धरताना पूर्ण बघितलं. माशी वीतभर लांब, पाय चोळत बसलेली. हा आधी जागच्या जागी वळला, तोंड नेमकं तिच्याकडे. मग सरळ न जाता पट्टीच्या कडेने खाली उतरला, पट्टीच्या मागे दिसेनासा झाला. मला वाटलं गेला. तर हा पलीकडच्या बाजूने वर आला, माशीच्या पाठीमागे! तिथे पोट भिंतीला टेकवून काहीतरी चिकटवल्यासारखं केलं आणि पुढचं दिसलंच नाही, एकदम माशी तोंडात. दोघं पट्टीवरून घसरले, पण खाली पडले नाहीत, हवेत लोंबकळत राहिले. मग दोरीने वर.

माझे दोन प्रश्न. एक, माशी दिसत नसताना तिच्या मागे कसा पोचला? दोन, एवढ्या हादऱ्यात याला काही ऐकू-जाणवू येत असेल का?

आठडोळे | मंगळवार, रात्री ९:५०

@मागवाला, फार सुंदर नोंद. "पोट टेकवून चिकटवलं" हे तुम्ही टिपलंत ते महत्त्वाचं. उडीआधी तो रेशमाचा धागा भिंतीला डकवतो. चुकला तर तोच दोर. पण धागा नुसता पडू नये म्हणून नसतो. २०१३ मध्ये तैवानमधल्या संशोधकांनी हसारियस अडानसोनीच्या उड्या वेगवान कॅमेऱ्याने टिपल्या. उडत असताना कोळी याच धाग्याने वेग मारतो आणि अंग सरळ ठेवतो. ज्यांच्याकडे धागा नव्हता ते उतरताना भेलकांडले.

आणि उडी मारतो ती नाकतोड्यासारख्या दणकट मागच्या पायांवर नाही. कोळ्याच्या पायाच्या दोन मुख्य सांध्यांना पाय सरळ करणारा स्नायूच नसतो. अंगातल्या द्रवाचा दाब वाढवून तो पाय झटक्यात ताणतो. मेलेल्या कोळ्याचे पाय आत वळलेले दिसतात ते याचमुळे, दाब गेला. २०१८ मध्ये मँचेस्टरला संशोधकांनी फिडिपस रेगियस जातीच्या एका मादीला, तिचं नाव किम, ठरलेल्या जागेवरून उड्या मारायला शिकवलं. बसल्या जागेवरून ती अंगाच्या सहापट लांब गेली.

वळसा घालण्याबद्दल: या बाबतीत सगळ्यांत जास्त अभ्यास झाला तो पोर्शिया या कोळ्याचा. न्यूझीलंडच्या कँटरबरी विद्यापीठातल्या रॉबर्ट जॅक्सन यांनी त्यावर कित्येक वर्षं घातली. पोर्शिया दुसऱ्या कोळ्यांना खातो. त्यांच्या जाळ्याच्या कडेला जाऊन धागे वेगवेगळ्या तऱ्हेने छेडतो, आणि जाळ्याचा मालक ज्या छेडण्याला फसून पुढे येतो तेच पुन्हा पुन्हा करतो. प्रयोगात त्याला उंचावरून भक्ष्य दाखवलं आणि तिथे जायचे दोन रस्ते ठेवले, एक जोडलेला, एक मध्येच तुटलेला. तो आधी बसून दोन्ही बघायचा, मग खाली उतरायचा. उतरल्यावर भक्ष्य दिसत नसे, तरी बहुतेक वेळा बरोबर रस्ता धरायचा. तुमचा कोळी पोर्शिया नाही, पण वळसा घालून मागून गाठणं या कुळातल्या इतरांमध्येही पाहिलं गेलंय.

ऐकण्याबद्दल: कानाचा पडदा नाही, पण पायांवरच्या बारीक केसांनी हवेतला आवाज जाणवतो. २०१६ मध्ये कॉर्नेल विद्यापीठात हे अपघातानेच कळलं. कोळ्याच्या मेंदूतल्या पेशींचे संकेत टिपत असताना कुणाची तरी खुर्ची सरकली आणि यंत्रात संकेत उमटला. मग मुद्दाम तपासलं, तर तीन मीटरवरचा आवाजही त्याला कळत होता.

शिवाय नर मादीपुढे नाचतो तेव्हा पोट थरथरवून जमिनीतून कंप पाठवतो. अमेरिकेतल्या डेमियन इलायस यांनी हे कंप लेसरने मोजलेत. तिथल्या एका जातीचा नर पालापाचोळ्यावर नाचला तर यश जास्त, वाळू-दगडावर कमी, कारण कंप नीट पोचत नाहीत. आता तुमच्या कारखान्यात माग चालू असताना नर नाचतो की रविवारी बंद असताना, हे बघायला तुमच्यासारखा माणूस हवा. प्रयोगशाळेत कुणी यंत्रमाग बसवणार नाही.

मागवाला | मंगळवार, रात्री १०:१५

रविवारीच काय, आता लाइट गेली की पण बघतो. लाइट लई वेळा जाते 😄

वस्तुनिष्ठ | बुधवार, सकाळी ११:२०

वाचायला रोचक आहे. पण प्रामाणिकपणे विचारतो, उपयोग काय? डास खातात का? खात असतील तर पाळून घरोघरी सोडता येतील का? नसतील तर हा रिकाम्या वेळेचा उद्योग आहे, इतकंच. राग नसावा.

मास्तर_निवृत्त | बुधवार, दुपारी १२:४०

राग कशाला? रिकाम्या वेळेच्या उद्योगावरच सांगतो.

अमेरिकेतल्या मिलवॉकी शहरात जॉर्ज पेकहॅम नावाचे हायस्कूलमध्ये जीवशास्त्र शिकवणारे शिक्षक होते. ते आणि पत्नी एलिझाबेथ, दोघं मिळून उडी मारणाऱ्या कोळ्यांच्या मागे लागले. मादी नर निवडते आणि त्यातून नराची सजावट घडते, या डार्विनच्या म्हणण्याला निसर्गशास्त्रज्ञ वॉलेसचा विरोध होता. या दोघांनी कोळ्यांचे नाच तासन्‌तास बघून, कुठला नर कुठला भाग मादीपुढे कसा मिरवतो ते लिहून काढलं आणि १८८९मध्ये डार्विनच्या बाजूने भक्कम पुरावा मांडला. पुढे जॉर्ज तिथल्या सार्वजनिक ग्रंथालयाचे प्रमुख झाले, कोळी सुटले नाहीत.

१८९६ मध्ये त्यांनी मध्य अमेरिकेतल्या एका कोळ्याला नाव दिलं बगीरा किपलिंगी. किपलिंगच्या मोगलीचा तो काळा बिबळ्या, बगीरा. आता गंमत बघा. शंभर वर्षांनंतर मेक्सिको आणि कोस्टा रिकात लोकांनी हा बगीरा नीट पाहिला, तर तो बाभळीच्या जातीच्या झाडावर राहून पानांच्या टोकाला येणारे पौष्टिक कण खात होता! ते कण झाडाने मुंग्यांसाठी केलेले. मुंग्या झाडाची राखण करतात आणि हा त्यांना चुकवून त्यांचा शिधा पळवतो. मेक्सिकोत त्याचा नव्वद टक्क्यांहून जास्त आहार शाकाहारी निघाला. २००९ मध्ये हे छापून आलं. बिबळ्याचं नाव आणि ताटात पालेभाजी.

आठडोळे | बुधवार, दुपारी १:३०

@वस्तुनिष्ठ, डासांबद्दल. आफ्रिकेत व्हिक्टोरिया सरोवराच्या काठी इव्हार्का क्युलिसिव्होरा नावाचा कोळी आहे. तो रक्त प्यालेली डासाची मादी मुद्दाम निवडून खातो. २००५ मध्ये जॅक्सन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हे दाखवून दिलं. त्याला सस्तन प्राण्याचं रक्त हवं असतं, स्वतःला ते शोषता येत नाही, म्हणून डासामार्फत. पण तो तिथलाच. परका प्राणी आणून सोडायचा विचारही नको, तसे प्रताप जगभर करून झालेत. आपल्या घरातले कोळी डास, चिलट, माशी, जे हाती लागेल ते खातात. ते फुकट काम करतात, फवारा मारला नाही तर.

"उपयोग" या कसोटीवर एवढंच म्हणेन की अभ्यास करणाऱ्यांना यांच्या डोळ्यांतून खूप मिळालं. पुढचे दोन मोठे डोळे दिसतात ते नळीसारखे लांब असतात. भिंग अंगाच्या कवचाला पक्कं, हलत नाही. आत नळीच्या टोकाचा दृष्टिपटल स्नायूंनी हलतो. म्हणून तो डोकं स्थिर ठेवूनही तुमच्या चेहऱ्यावरून नजर फिरवू शकतो. बाजूचे डोळे हालचाल टिपतात, पुढचे बारकावे बघतात. पोर्शियाच्या डोळ्यांना चतुरापेक्षा साधारण दहापट बारीक दिसतं, आणि कीटकांत चतुराची नजर उत्तम मानतात.

दृष्टिपटलाचे चार थर. २०१२ मध्ये जपानी संशोधकांनी दाखवलं की हिरवा प्रकाश एका थरावर स्पष्ट आणि शेजारच्या थरावर धूसर पडतो, आणि त्या धूसरपणावरून कोळी अंतर मोजतो. हिरव्या प्रकाशात उडी अचूक. हिरवा काढून लाल दिला तर उडी अलीकडेच पडली. कोळी कोणता? आपला कुंडीमागचा हसारियस अडानसोनी. सोलापुरातल्या कुंडीत आणि जपानी प्रयोगशाळेत एकच जात.

वस्तुनिष्ठ | बुधवार, दुपारी ३:०५

लाल दिव्याचा प्रयोग आवडला. बाकी मत राखून ठेवतो.

मॅक्रोवेडा | बुधवार, रात्री ८:३०

अरे वा, आपल्या गावात कुणीतरी आहे म्हणायचं! मी मोबाइलला क्लिपची भिंग लावून फोटो काढतो. स्मृती उद्यान, वनविहार, तळ्याकाठची करंजाची झाडं. आतापर्यंत बरेच जमलेत: निळ्या पट्ट्यांची फिंटेला व्हिटाटा, मुंगीसारखा दिसणारा मिरमराक्ने, गोलगप्प हायलस. दोन तर कुठल्याच फोटोशी जुळत नाहीत, मला खात्री आहे नवीन प्रजाती आहेत. नाव देता येतं म्हणे? सचिनच्या नावाने आहे ना एक?

आठडोळे | बुधवार, रात्री ९:१०

आहे. मरेंगो सचिनतेंडुलकर, २०१९ मध्ये जाहीर झाला. तुमचा उत्साह बघून आनंद झाला, पण खात्रीवर पाणी ओततो.

फोटोवरून वंश बऱ्याचदा कळतो, प्रजाती क्वचित. प्रजाती ठरते ती प्रौढ नराच्या स्पर्शपादाच्या टोकाची रचना आणि प्रौढ मादीच्या पोटाखालचा जननभाग सूक्ष्मदर्शकाखाली बघून. शेवटची कात टाकेपर्यंत हे अवयव तयारच नसतात, म्हणजे पिल्लाच्या फोटोवर नाव देणं शक्य नाही. शिवाय नर आणि मादी इतके वेगळे दिसतात की पूर्वी एकाच जातीच्या दोघांना दोन नावं दिली गेल्याची उदाहरणं आहेत. नवीन म्हणण्याआधी जुनी वर्णनं, संग्रहालयांतले मूळ नमुने, सगळं ताडून बघावं लागतं.

मॅक्रोवेडा | बुधवार, रात्री ९:३५

म्हणजे आम्ही फोटोवाल्यांनी फक्त लाइक गोळा करायचे आणि नाव तुम्ही सूक्ष्मदर्शकवाल्यांनी द्यायचं. जीव मारून बाटलीत भरल्याशिवाय शास्त्र होत नाही का? ऑस्ट्रेलियातल्या त्या मोरकोळ्यांना, मोरासारखं रंगीत पोट उभारून नाचणाऱ्यांना, प्रसिद्धी कुणी दिली? व्हिडिओ काढणाऱ्याने. जिवंत कोळी बघितला म्हणून.

आठडोळे | बुधवार, रात्री १०:२०

उदाहरण माझ्याच बाजूचं दिलंत. युर्गन ऑटो हे मुळात गोचिड्यांच्या जवळच्या, माइट म्हणतात त्या बारीक जिवांचे अभ्यासक. २००५ मध्ये सिडनीजवळच्या जंगलात चालताना पायाखाली येता येता एक मोरकोळी वाचला, तिथून सुरुवात. त्यांनी वर्षानुवर्षं नाच चित्रित केले हे खरंच, त्यामुळे जग त्यांना ओळखू लागलं. पण त्याच ऑटो यांनी डेव्हिड हिल यांच्याबरोबर एकामागून एक प्रजातींची रीतसर वर्णनं छापली, नमुने संग्रहालयात ठेवले. कॅमेरा आणि सूक्ष्मदर्शक एकाच माणसाच्या हातात होते.

बाटलीबद्दलचा तुमचा राग समजतो, मलाही ते काम आवडत नाही. पण एखादा नमुना नीट ठेवला तर पन्नास वर्षांनीही कुणी तो उघडून तपासू शकतो. अशीच झीज सोसून बी. के. टिकादर यांच्यासारख्यांनी भारतीय कोळ्यांची मोठी पुस्तकं तयार केली. ते पुढे भारतीय प्राणी सर्वेक्षण संस्थेचे संचालक झाले. आज आपण नाव शोधतो तेव्हा अशाच लोकांच्या खांद्यावर उभे असतो.

आणि एक कडक सूचना. नान्नज अभयारण्यात वन विभागाच्या परवानगीशिवाय काहीही उचलायचं नाही. कोळीच काय, कोळ्याची कातही नाही.

मॅक्रोवेडा | बुधवार, रात्री १०:४८

कात उचलण्यात काय आहे? पटलं नाही. पण परवानगीचं मान्य, तिथे मी तसाही कुंपणाबाहेरूनच काढतो.

चाटीगल्लीकर | गुरुवार, सकाळी ८:२५

भांडू नका, दोघंही लागणार आहात. @मॅक्रोवेडा, एक सुचवतो: तो निळ्या पट्ट्यांचा कोळी कुठल्या झाडावर, किती वाजता, काय खाताना दिसला हे लिहून ठेवताय का? फोटो हजारो सापडतात, "करंजाच्या पानाच्या खालच्या बाजूला, रेशमी पिशवीत, अंडी राखत बसलेली" असं लिहिलेलं फार कमी सापडतं. आणि त्यासाठी कुणाला मारावं लागत नाही.

२०२२चं झोपेचं संशोधन असंच सुरू झालं. जर्मनीतल्या डॅनिएला रोस्लर यांना रात्री त्यांचे कोळी धाग्याला उलटे लोंबकळताना दिसले. मग त्यांनी नुकत्याच जन्मलेल्या पिल्लांवर अवरक्त कॅमेरा लावला. पिल्लांचं अंग पारदर्शक असतं, त्यामुळे डोळ्यांच्या आतल्या नळ्या हलताना दिसतात. रात्रभरात दर पंधरा-वीस मिनिटांनी मिनिटभराहून थोडा जास्त वेळ त्या नळ्या थरथरायच्या, पाय आखडायचे, जसं आपल्या स्वप्नांच्या झोपेत होतं. कोळी स्वप्नं बघतो असं त्यांनी म्हटलेलं नाही, पण तशा झोपेसारखी अवस्था आहे हे दाखवलं.

तुळशीवृंदावन | गुरुवार, दुपारी ४:१०

मी आजवर फक्त वाचत होते. आज दुपारी दीडच्या सुमाराला तुळशीच्या कुंडीवर हे पाहिलं ते लिहिते, कुणाला उपयोगी पडलं तर.

कुंडीच्या काठावर तपकिरी मादी बसली होती. काळ्या-पांढऱ्या पट्ट्यांचा नर दुसऱ्या बाजूने आला. मादी वळली तशी तो थांबला आणि पुढचे दोन पाय वर करून दोन्ही बाजूंना पसरले. मग डावीकडे तीन-चार पावलं, थांबला, उजवीकडे तीन-चार, थांबला, असा नागमोडी जवळ आला. पाय खाली घेतले नाहीत. मादी एकदा अंगावर धावली, तो उडी मारून कुंडीखाली. मी म्हटलं संपलं. दोन मिनिटांत परत वर, तेच पाय, तोच नागमोडी. तेवढ्यात सासूबाईंनी पाणी घालायला तांब्या आणला.

मास्तर_निवृत्त | गुरुवार, सायंकाळी ५:००

ताई, पेकहॅम बाईंनी सव्वाशे वर्षांपूर्वी नेमकं हेच केलं होतं. पुढच्या वेळी तांब्या थोडा उशिरा 😊

आठडोळे | गुरुवार, सायंकाळी ५:४०

+१. ही नोंद वेगळी लिहून ठेवा: तारीख, वेळ, ऊन होतं की सावली, कुंडी मातीची की प्लास्टिकची (कंपांमुळे विचारतोय).

धागा वाचून काही जणांनी व्यक्तिगत निरोपात "सुरुवात कुठून" विचारलंय. दहापट मोठं दाखवणारं घड्याळजींचं भिंग घ्या. औषधाची पारदर्शक डबी चालते, कोळी त्यात पाच मिनिटं ठेवून बघायचा आणि तिथेच सोडायचा; उन्हात डबी ठेवली तर सोलापुरात पाच मिनिटंही जास्त. फोटो तीन बाजूंनी हवेत: समोरून डोळे, वरून पाठ, बाजूने. आयनॅचरलिस्ट किंवा इंडिया बायोडायव्हर्सिटी पोर्टल या जीवनोंदींच्या संकेतस्थळांवर टाका, जागा नेमकी लिहा, नाव माहीत नसेल तर "साल्टिसिडी" एवढंच लिहा. माळावर गेलात तर पानांवर कमी आणि जमिनीवर जास्त बघा. गवताच्या बुंध्याशी, खड्यांमध्ये स्टेनाएल्युरिलस, लँगोना, फ्लेग्रा या वंशांतले मातीच्या रंगाचे कोळी पळतात. शहरातल्या कुणी त्यांच्याकडे फारसं पाहिलेलं नाही, कारण दिसायला ते फिंटेलासारखे देखणे नाहीत.

कडक_भाकरी | गुरुवार, रात्री ९:३०

हिला धागा वाचून दाखवला. फवारा माळ्यावर गेलाय, तात्पुरता. अट एकच, कोळी देवघरात आला तर मी स्वतः उचलून बाहेर सोडायचा.

भेटायचं काय ठरतंय? संभाजी तलावावर रविवारी सकाळी चालेल का?

चाटीगल्लीकर | गुरुवार, रात्री ९:५२

चालेल. सकाळी आठ, मुख्य दारापाशी. यापेक्षा लवकर नको, भिंतीवर आणि पानांवर ऊन आल्याशिवाय हे कोळी बाहेर पडत नाहीत. @मॅक्रोवेडा भिंगं आणतोय, @आठडोळे डब्या. बाकीच्यांनी टोपी आणि पाणी.

मागवाला | गुरुवार, रात्री १०:३०

मी येतो, पण साडेनऊला निघणार. रविवारी माग बंद असतात, आणि पट्टीवरचा तो नर काय करतो ते बघायचंय.